दोन फूट खाली

२ मार्च १९८६

सोसायटीच्या लॉगबुकात शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे. दोन बोटं रुंद. त्यात मावत नाही ते इथं लिहीन म्हणते. ही वहीपण सोसायटीचीच, गेल्या सालची, मागची पानं कोरी होती. कुणी विचारलं तर विचारलं.

तेरच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या पात्रात आमच्या गावच्या उपसा सोसायटीची विहीर आहे. तिच्या मोटारीवर मी कालपासून ऑपरेटर. तात्पुरती. आधी हे होते. ९ फेब्रुवारीला मोटारीनं हवा धरली म्हणून हे विहिरीतल्या कट्ट्याच्या खाली उतरले आणि पाण्यात पडले. दोरानं वर काढलं. पुण्यानुमोदन झालं. पुढं काय लिहायचं सुचत नाही.

हे बाहेरगावी गेले की मोटार मीच चालवायची, आणि लॉगबुक तर पहिल्यापासून माझ्याच अक्षरात. म्हणून चेअरमन हिंमतराव म्हणाले, "अयोध्याबाई, मॅट्रिक झालात, काम येतंय, तुम्हीच बघा आता." मी व्हय म्हणाले. त्यांनी विहिरीतला गाळ काढायला सांगितला असता तरी व्हय म्हणाले असते. सध्या मी सगळ्यालाच व्हय म्हणते.

५ मार्च

हौद भरायला ५५ मिनिटं. दिवाळीत ३५ लागायची.

विहीर कशी आहे ते लिहून ठेवते. वर सिमेंटचं झाकण, त्यात माणूस जाईल एवढं तोंड. आत उतरायला लोखंडी कड्या. वीस फुटांवर कट्टा, त्यावर मोटार. कट्ट्याखाली अजून कड्या, मग पाणी. विहिरीच्या बुडाच्या थोड्या वर चार आडव्या नळ्या नदीच्या वाळूत गेल्यात. अंगभर भोकं, वरून जाळी. वाळूतलं पाणी त्या नळ्यांतून विहिरीत येतं. पात्र वरून कोरडं ठाक असलं तरी वाळूच्या पोटात पाणी असतं. गावाचं प्यायचं आणि सभासदांचा ऊस, सगळं त्याच्यावर.

मोटार सुरू करायला कट्ट्यावर उतरावं लागतं. खाली गार वाटतं. वर नुसता फुफाटा आणि माणसांची तोंडं. खाली कुणी विचारत नाही कसं चाललंय म्हणून. आज काम झाल्यावरही बसले थोडी. डोकं जड झालं. काल जेवले नव्हते, त्यानं असेल.

११ मार्च

मोटारीनं दोनदा हवा धरली. पाणी भरून परत चालू केली. आज बब्रुवान तात्या माझ्याबरोबर कट्ट्यावर आले. तात्या पाणी सोडणारे, कुणाच्या रानात किती वेळ जायचं ते त्यांच्या घड्याळावर. त्यांनी बिडी काढली. दोन काड्या विझल्या, तिसरी धरली.

"सादळल्या गं," म्हणाले. आणि लगेच वर गेले. त्यांना खाली आवडत नाही. त्या दिवशी यांना काढायला तेच पहिले उतरले होते, अर्ध्यातून चक्कर येऊन परत वर. गावानं त्यांना भित्रा ठरवलं. मी त्यांना काही म्हटलं नाही. मला रागही आला नाही.

१९ मार्च

६८ मिनिटं.

घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सरुबाई, आणि दीर श्रीपती. आत्याबाई बोलतात, खातात, सरपण आणतात, पण लेकाचं नाव घेत नाहीत. गावात बोललं जातं की बाबू पिऊन उतरला होता. सोसायटीच्या सभेच्या वहीतही तसंच लिहिलंय, 'नशेत तोल गेल्याने'. हे जयंतीला, लग्नाला घोटभर घेत, ते खरं. त्या दिवशी सकाळी काय केलं होतं ते मला माहीत नाही. मी माहेरी होते. आत्याबाई तेरला गेल्या होत्या. त्यामुळं कुणालाच ठाम सांगता येत नाही. आत्याबाई मोठ्यानं रडल्यासुद्धा नाहीत. पिऊन मेलेल्याला काय रडायचं, असं पुतळाबाई पाणवठ्यावर म्हणाली म्हणे. तिला बोलायला काय जातंय.

मी पण रडले नाही. लोक बघतात माझ्याकडं. मला हात चिमटून बघितलं तर दुखतं. बाकी काही नाही.

२८ मार्च

हौदात आज पांढरे खडे पडले, पाइपातून आलेले. हरभऱ्याएवढे. घासले तर भुगा होतो. फोडले तर आत वाळूचे कण, एकमेकाला चिकटलेले. चार उचलून ट्रंकेवर ठेवलेत. ७६ मिनिटं.

कट्ट्यावर हल्ली अर्धा तास तरी बसते. झोप आल्यासारखं होतं. बरं वाटतं म्हणायला हरकत नाही.

३ एप्रिल

दोन दिवस लाईट नव्हती. गावात बोंबाबोंब. आज दुपारी आली. मोटार टाकली तर हौद ४८ मिनिटांत भरला! मी परत मोजलं. दुसऱ्यांदा ५७. तिसऱ्यांदा ७०.

हिंमतरावांकडं गेले. म्हटलं, "चेअरमनसाहेब, मोटार थांबवली की विहीर जास्त देते. रोज थोडी थांबवून बघू."

ते हसले, वाईट हसले नाहीत. "अहो बाई, गाय दोन दिवस न्हाय पिळली तर पहिल्या धारंला दूध जास्तच येणार. म्हणून रोज पिळायची सोडतो का आपण?" मग म्हणाले, "एकाची पाळी बंद ठेवली तर उद्या तीस जण माझ्या दारात. पाळी मोडायची न्हाय. ते सोडून काय बी सांगा."

सोसायटीचं हे पक्कं आहे. कुणाचं एक मिनिट मागं-पुढं नाही, मोठा शेतकरी असो की अर्ध्या एकरवाला. म्हणून मोटार रात्रंदिवस चालू. लाईट जाईल तेवढीच तिला विश्रांती. एका अर्थी न्यायाचंच आहे.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत निळे झेंडे, मिरवणूक. श्रीपतीनं नवा पांढरा सदरा घातला. बोलवायला आला, "वैनी, घटकाभर तरी चला." मी म्हटलं, पाळी चालू आहे. खरं तर तात्या म्हणाले होते, मी बघतो, जा. कट्ट्यावर जाऊन बसले. वरून लेझीम ऐकू येत होती. ८५ मिनिटं.

वर येताना कडीवरून पाय सटकला. हातानं धरलं. भीती वाटायला पाहिजे होती.

१७ एप्रिल

भूजलवाले हत्तुरे साहेब धाराशिवहून आले. तरणा माणूस, सोलापूरकडचा, सायकल एसटीच्या टपावर टाकून आणलेली. हिंमतरावांनी अर्ज केला होता नवीन विहिरीसाठी जागा दाखवा म्हणून. साहेबांनी नवीन जागा बघितलीच नाही. मी ट्रंकेवरचे खडे दाखवले. त्यांनी बाटलीतून कसलासा थेंब टाकला, खडा फसफसला.

"चुना आहे," म्हणाले. "दिवाळीनंतर काय बदल केला तुम्ही?"

तात्या म्हणाले, "फुटबॉल दोन फूट खाली घेतला." पाइपाच्या बुडाच्या झडपेला इथं सगळे फुटबॉल म्हणतात. साहेबांना ठाऊक होतं.

मग त्यांनी पिंपळाखालच्या दुकानातून गोळीसोडा मागवला आणि आम्हाला समोर बसवलं. जसं कळलं तसं लिहिते. जमिनीतल्या पाण्यात गॅस मुरलेला असतो, सोड्यात असतो तसा. दाब आहे तोवर तो गुपचूप राहतो, आणि त्याच्या जोरावर चुना पाण्यात विरघळून राहतो. फुटबॉल खाली घेतला तशी विहिरीतली पातळी नळ्यांच्याही खाली गेली. नळ्यांजवळच्या वाळूत दाब उतरला. साहेबांनी बाटलीची गोळी दाबली, फस्स झालं. "हे असं. गॅस सुटला, चुना उघडा पडला, तो वाळूच्या दाण्यांत बसला."

हिंमतराव म्हणाले, "वाळू केवढी, चुना केवढासा. एवढ्यानं पाणी अडतंय व्हय?"

साहेब म्हणाले, "दाण्यांच्या मधे पोकळी असते, पण एका पोकळीतून दुसरीत जायचं तोंड बारीक. पोकळी भरायची गरजच नाही. तोंडाशी चिमूटभर बसलं की पलीकडं पाणी असून येत नाही. वर सुटलेल्या गॅसचे बुडबुडे पण त्याच तोंडात अडकतात. तुम्ही जेवढं जोरात ओढाल तेवढं ते आवळत जाईल."

त्यांनी अजून एक सांगितलं. रशियाकडं, जिथं जमीन बारमाही गोठलेली, तिथं आणि समुद्राच्या तळाखाली गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखं घट्ट होतं, वाळूच्या कणाकणात. त्यातून मग काही वाहत नाही. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलंय. "पण तिथं दाब कमी केला की ते सुटतं. आपलं उलटं. आपल्याकडं दाब कमी केला की दगड होतो." हे बोलताना ते खूश दिसले. आवडीचं काम करणारी माणसं अशी असतात, हेही असेच मोटारीबद्दल बोलायचे.

उपाय त्यांनी लिहून दिला. फुटबॉल वर घ्या. चार तास चालवा, आठ तास थांबा. नळ्या हळूहळू थोड्या मोकळ्या होतील, पूर्ण नाही. नाहीतर पावसाळ्याच्या आत विहीर पाणी द्यायची बंद होईल.

१८ एप्रिल

फुटबॉल दोन फूट खाली घ्यावा, पाणी जास्त मिळेल, असा ऑपरेटरचा अर्ज सोसायटीच्या फायलीत आहे. डिसेंबरचा. सही यांची. अर्ज माझ्या अक्षरात आहे. 'पाणी जास्त मिळेल' हे वाक्य मी घातलं होतं, यांनी नुसतं 'खाली घ्यावा' सांगितलं होतं.

९२ मिनिटं.

२२ एप्रिल

सभा झाली. मी दारात उभी होते. साहेबांचा कागद वाचला गेला. आठ तास मोटार बंद म्हटल्यावर एकच गलका. कुणी म्हणालं, चार तासांत गावाचं प्यायचं तरी भागंल का? कुणी म्हणालं, साहेबाला पगार मिळतो, त्याला काय. हिंमतराव वाईट माणूस नाहीत, त्यांचाही ऊस वाळतोय. ते म्हणाले, "चुना जाळीला बसलाय ना? मग माणूस उतरवून जाळी खरडून काढू. मोटार एक दिवस बंद, पाळी सगळ्यांचीच एक दिवस पुढं. कुणावर अन्याय न्हाय."

सगळ्यांना पटलं. अन्याय नाही म्हटलं की आमच्या सोसायटीला काहीही पटतं.

"उतरणार कोण?" असं कुणीतरी विचारलं. मागून श्रीपती म्हणाला, "म्या उतरतो." बावीस वर्षांचा आहे, मॅट्रिकला दोनदा नापास, रोजगार हमीवर खडी फोडतो. हिंमतराव म्हणाले, जाळी साफ झाली तर ऑपरेटर म्हणून कायम करू. मी तात्पुरती आहेच.

२३ एप्रिल

घरी श्रीपतीला विचारलं, "भावजी, मला विचारायचं तरी."

तो म्हणाला, "वैनी, तुमची नोकरी घ्यायला न्हाय चाललो. तुम्ही तिथं खाली जाऊन बसता, मला बघवत न्हाय. रोज वर येता तवा तुमचं तोंड कसं असतं, आरशात बघितलंय का कधी? म्या असलो की तुम्हाला उतरावं लागणार न्हाय."

आत्याबाई चुलीपुढं होत्या. भाकरी करपली.

२५ एप्रिल

आज कट्ट्यावर बसले असताना एक विचार आला. म्हणजे हळूहळू आला, तिथं सगळं हळूच सुचतं. साहेब म्हणाले गॅस सुटतो. चुना वाळूत बसला, पाणी पाइपानं वर गेलं. मग गॅस कुठं गेला?

वर आले. उद्या धाराशिवला जाते.

२६ एप्रिल

सकाळच्या एसटीनं गेले, उभ्यानं. साहेब ऑफिसात नकाशांच्या ढिगात बसले होते. मी सरळ विचारलं, गॅस जातो कुठं.

"बराचसा वाळूत. उरलेला विहिरीत." मग पेन खाली ठेवलं. "हवेपेक्षा जड असतो. तुमच्या विहिरीला वरून झाकण आहे, वारा लागत नाही. तळाला साचत राहणार. वास नाही, रंग नाही. खाली कुणी उतरत नाही ना?"

"म्या रोज उतरते," म्हटलं. "कट्ट्यावर. डोकं जड होतं."

साहेब उभे राहिले. उभे कशाला राहिले कळलं नाही. म्हणाले, "बाई, कट्ट्याच्या खाली कुणी गेलं तर चार श्वासांत पाय मोडून पडेल. ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही." आणि मग, "आधी कधी कुणी गेलंय का?"

मी व्हय म्हटलं. कोण ते सांगितलं नाही. त्यांनी पाणी दिलं. मी पेला तसाच टेबलावर ठेवला.

म्हणाले, उतरायच्या आधी पेटता कंदील दोराला बांधून सोडा, विझला तर माणूस सोडायचा नाही. मंगळवारी मी स्वतः येतो. सोमवारी काम आहे म्हटलं तर म्हणाले, थांबवा. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते माझं.

एसटीत येडशीच्या पुढं खिडकी मिळाली. मी हिशेब करत होते. बब्रुवान तात्यांची चक्कर. विझलेल्या काड्या. माझं डोकं. हे पडले तेव्हा आवाज झाला नव्हता, असं सगळेच म्हणतात. पिलेला माणूस पडताना ओरडतो.

२७ एप्रिल

हिंमतरावांना सांगितलं. "साहेब मंगळवारी येतायत तर मंगळवारपतूर थांबू," म्हटलं.

ते वैतागले. "गावात उद्याचं पाणी न्हाय, बाई! माणसं सांगून ठेवली, दोर आणला. तुमच्या दुःखाची जाण हाये मला. पण बाबूचं झालं ते झालं, त्याच्यामागं सगळ्या विहिरीला भूत लावू नका."

श्रीपती ऐकायला तयार नाही. म्हणतो, दादाला जमलं न्हाय ते म्या करून दाखवतो, मग बघू कोण पिऊन पडलं म्हणतंय. त्याच्या डोक्यात हे आहे तर. मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

२८ एप्रिल

सकाळचं सकाळीच लिहायला पाहिजे होतं, आता दिवस मावळत आलाय. क्रमानं लिहिते.

आठ वाजता मोटार बंद केली. पात्रात पन्नासएक माणसं, बायका घागरी घेऊन. श्रीपतीनं सदरा काढला, कमरेला काथ्याचा दोर बांधला, दोन गाठी. तात्यांनी तोंडावरची फळी सरकवली. मी घरून कंदील आणला होता, तो बाजूला ठेवला आणि तोंडाशी पाय आत सोडून बसले. सगळं तोंड अडवून.

मग हिंमतराव म्हणाले, "उठा अयोध्याबाई. काय तमाशा लावलाय!"

म्हटलं, "आधी कंदील जाईल. मग माणूस."

"वैनी, उठा," श्रीपती म्हणाला. त्यानं माझा दंड धरला. ओढलंही. माझं अंग जड झालं होतं, कसं काय कुणास ठाऊक, त्याला उचलेना. मागनं कुणीतरी म्हणालं, वेडी झाली. मी मनात म्हटलं, असेन.

तेवढ्यात बायकांतून आत्याबाई पुढं आल्या. इतक्या दिवसांत विहिरीकडं फिरकल्या नव्हत्या. मला वाटलं, आता ह्याच उठवतील. त्यांनी श्रीपतीचा हात माझ्या दंडावरून काढला आणि म्हणाल्या, "उठू नगं, पोरी. एक लेकरू दिलंय ह्या भोकाला. सोडा कंदील."

तात्यांनी कंदील पेटवला. भर उन्हात ज्योत दिसेना, काच काळी होत होती तेवढंच. दोर बांधून सोडला. मी सरकून जागा दिली. हिंमतराव, श्रीपती, आत्याबाई, सगळे वाकून बघत होते. आत अंधारात ज्योत चांगली पिवळी दिसली. कट्ट्यापर्यंत गेली. लहान झाली, पण होती. कट्ट्याच्या खाली एक कडी. दुसरी कडी. तिसरीला गेली. फडफडली नाही, काही नाही. होती आणि नव्हती.

"वारा लागला असंल," कुणी म्हणालं. वारा कुठला तिथं. तात्यांनी वर ओढला, परत पेटवला, परत सोडला. तिसऱ्या कडीला विझला. तिसऱ्यांदा हिंमतरावांनी स्वतः दोर हातात घेतला. तिथंच विझला. ते दोर धरून तसेच उभे राहिले.

बब्रुवान तात्या खाली बसले. "म्या भ्यालो न्हवतो," म्हणाले. "मायला, म्या भ्यालो न्हवतो." एवढंच, चार-पाच वेळा.

आत्याबाईंनी मला विचारलं, "त्याला कळलं असंल का गं?"

"न्हाय, आत्याबाई. साहेब म्हणले, वरडायलाबी येळ मिळत न्हाय."

"म्हंजी पिलेला न्हवता."

"न्हवता."

त्या वाळूत बसल्या. आणि मग त्यांनी हाक मारली, "बाबू रंऽऽ, माझ्या राजा रंऽऽ", अशी की नदीच्या पलीकडची गुरं थांबली. बायका घागरी टाकून त्यांच्याभोवती आल्या. पुतळाबाईसुद्धा. ज्यांनी फेब्रुवारीत रडायचं ते आज रडत होते, भर दिवसा, कोरड्या पात्रात. हिंमतरावांनी टोपी काढली. म्हणाले, फुटबॉल वर घ्या, मोटार आठ तास बंद. कुणी पाळीचं नाव काढलं नाही. ते वहीतलं 'नशेत' खोडतो असंही म्हणाले. मी ऐकलं, पण ते माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

श्रीपती तसाच उभा होता, उघडा, दोर बांधलेला. त्याला गाठ सुटेना. मी उठले, मलाही सुटेना. मग वाकून दातांनी सोडवली. पहिली सुटली. दुसरी सुटायच्या आत माझ्या तोंडातून काहीतरी आवाज आला, मला वाटलं दुसरंच कुणी ओरडतंय. श्रीपतीनं मला धरलं. किती वेळ ते आठवत नाही. घसा अजून सोलल्यासारखा आहे.

माझा नवरा बाबू मेला. आज अठ्ठ्याहत्तर दिवस झाले.